सेन, प्रफुल्लकुमार

सेन, प्रफुल्लकुमार : (७ डिसेंबर १९१५–२२ जुलै १९८२). भारतीय हृद्‌शल्यचिकित्सक, उरोशल्यचिकित्सक आणि वैद्यकाचे प्राध्यापक. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व त्याला जोडलेल्या के. ई. एम. (राजे एडवर्ड स्मारक) रुग्णालयात त्यांची कारकीर्द घडली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी या रुग्णालयात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हृदयाचे प्रतिरोपण केले. भारतातील व आशियातील ही पहिली आणि जगातील सहावी अशी शस्त्रक्रिया होती. रुग्ण सुमारे तीन तास जगला. सेन यांचे नाव सर्वसामान्य वाचकाला या तीन तासांमुळे परिचित असले, तरी त्यांच्या कार्याचे खरे माप त्यात नाही. महानगरपालिकेच्या खर्चाने चालणाऱ्या व प्रामुख्याने गरीब रुग्णांसाठी असलेल्या रुग्णालयात अध्यापन, प्रयोगशाळेतील संशोधन, विकृतिविज्ञान व शस्त्रक्रिया यांची सांगड घालणारा विभाग त्यांनी उभा केला. प्रतिरोपण हे त्या दीर्घ तयारीचे एक फळ होते; ते अकाली गळून पडले, पण झाड टिकले.

पार्श्वभूमी : सेन यांचा जन्म कलकत्ता येथे झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईत सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. परळ येथे १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या स्थापनेमागे राष्ट्रीय भूमिका होती. सरकारी वैद्यकीय संस्थांतील वरिष्ठ जागा त्या काळी बहुतांशी इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. या संस्थेतील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, अशी अट देणगीदारांनी घातली होती. डॉ. जीवराज मेहता हे तिचे पहिले अधिष्ठाता. भारतीय डॉक्टर स्वतःच्या बळावर उच्च दर्जाचे अध्यापन व संशोधन करू शकतात, हे सिद्ध करण्याची ईर्षा या संस्थेच्या वातावरणात होती, आणि सेन त्याच वातावरणात घडले. १९४९ च्या सुमारास रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि परतल्यावर पुन्हा आपल्याच रुग्णालयात रुजू झाले.

ते ज्या क्षेत्रात उतरले, ते तेव्हा जेमतेम एका तपाचे होते. एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत हृदयाला शस्त्र लावणे हे शल्यचिकित्सकाने करू नये असे साहस मानले जाई. १९३८ साली बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मतः उघडी राहिलेली महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांमधील वाहिनी यशस्वीपणे बांधली. १९४४ साली स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्रॅफर्ड यांनी महारोहिणीचा जन्मजात संकोच दूर केला आणि त्याच वर्षी बॉल्टिमोर येथे ॲल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ‘नीलबालका’वरील शस्त्रक्रिया केली. १९५३ च्या मे महिन्यात जॉन गिबन यांनी हृद्‌–फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने, हृदयाचे काम थांबवून त्याच्या आतील छिद्र बंद केले. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात रीव्ह बेट्स यांनी १९४९ च्या सुमारास उरोशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत सेन अग्रभागी होते.

रोगाचे स्वरूप व उपाय : या काळात भारतातील हृद्‌शल्यचिकित्सेपुढे मुख्य प्रश्न होता तो संधिज्वराचा. घशाच्या साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना सांधेदुखीसह ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. डाव्या अलिंद–निलयामधील द्विदली झडपेच्या कडा एकमेकींना चिकटतात व रक्तमार्ग अरुंद होतो. फुप्फुसांत रक्त तुंबते, धाप लागते आणि कधी तोंडावाटे रक्त पडते. दाटीवाटीची घरे, अपुरे पोषण व वेळेवर न मिळणारे उपचार यांमुळे हा रोग गरिबांत अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत हा संकोच बहुधा मध्यम वयात जाणवे. भारतात मात्र विशीच्या आतबाहेरचे रुग्ण तीव्र अवस्थेत रुग्णालयात येत. संसाराला नुकत्याच लागलेल्या स्त्रीला पहिल्याच गरोदरपणात या रोगाची जाणीव होणे, हे चित्र नेहमीचे होते.

यावरील ‘बंद’ शस्त्रक्रिया १९४८ मध्ये अमेरिकेत व इंग्लंडमध्ये पुन्हा प्रचारात आली. छातीच्या डाव्या बाजूने हृदयापर्यंत पोहोचून डाव्या अलिंदाच्या टोकाला छेद घेतात. त्यातून शल्यचिकित्सक आपली तर्जनी आत घालतो व केवळ स्पर्शाच्या आधारे झडपेच्या चिकटलेल्या कडा मोकळ्या करतो. या वेळी हृदय धडधडतच असते. हाती असतो तो एका बोटाचा अनुभव आणि काही मिनिटांचा अवधी. हिला हृद्‌–फुप्फुस यंत्र लागत नाही. परदेशी यंत्रसामग्री मिळवणे दुरापास्त असलेल्या देशात ही शस्त्रक्रिया म्हणूनच फार मोलाची ठरली. पन्नाशीच्या दशकात सेन यांच्या विभागात ही शस्त्रक्रिया, जन्मजात वाहिन्या बांधणे आणि महारोहिणीचे संकोच दूर करणे ही कामे होऊ लागली. शरीराचे तापमान उतरवून, रक्तप्रवाह अल्पकाळ रोखून अलिंदांमधील छिद्र शिवण्याच्या पद्धतीचाही त्यांनी अवलंब केला. शरीर थंड केल्याने मेंदूची प्राणवायूची गरज कमी होते व शल्यचिकित्सकाला काही मिनिटे मिळतात. ही मिनिटे मोजकी असल्याने प्रत्येक टाक्याची पूर्वतयारी प्रयोगशाळेत करावी लागे. प्राण्यांवरील प्रयोगांची शिस्त सेन यांच्या विभागात या गरजेतून रुजली.

महारोहिणीशोथाचा अभ्यास : सेन यांच्या संशोधनाचा सर्वांत टिकाऊ भाग रोहिण्यांच्या रोगांविषयी आहे. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली एका तरुण स्त्रीच्या दृष्टिपटलावरील वाहिन्यांत आढळलेल्या चमत्कारिक बदलांचे वर्णन केले. पुढे या रोगात मनगटावरील नाडी लागेनाशी होते, हे ध्यानात आल्याने त्याला ‘नाडीहीन रोग’ असेही नाव पडले. यात महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखा यांच्या भित्तींना सूज येते, त्या जाड होतात आणि पोकळी अरुंद होते किंवा बुजते. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या शाखा अरुंद झाल्यास तरुण वयातच रक्तदाब अतोनात वाढतो. के. ई. एम. मध्ये असे रुग्ण, विशेषतः तरुण स्त्रिया, वारंवार येत. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मात्र या रोगाला जेमतेम काही ओळींची जागा असे.

सेन यांनी विकृतिविज्ञ सु. ग. किनरे व शल्यचिकित्सक गु. भा. परुळकर प्रभृती सहकाऱ्यांसह या रोगाचा पद्धतशीर अभ्यास केला. महारोहिणीच्या मधल्या भागातील संकोचाविषयीचा त्यांचा निबंध १९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ‘अविशिष्ट महारोहिणीशोथ’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथ निघाला. रुग्णाची लक्षणे, क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेत दिसलेली स्थिती आणि शवपरीक्षेतील निष्कर्ष यांची एकमेकांशी पडताळणी करणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. रुग्ण दगावला तरी त्याच्यापासूनचे ज्ञान वाया जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती.

सर्पहृदयाची कल्पना : हृद्‌रोहिण्या बुजल्यामुळे हृत्स्नायूला रक्त अपुरे पडते. या विकारावर पायातील नीला वापरून पर्यायी मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया १९६७ नंतर सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वी सेन यांनी एक वेगळाच मार्ग सुचविला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूच्या बऱ्याच भागाला रक्त मिळते ते रोहिण्यांतून नव्हे, तर थेट निलयाच्या पोकळीतून. ही पोकळी स्नायूत स्पंजासारखी शिरलेली असते. मानवी निलयाच्या भित्तीत सूक्ष्म छिद्रे पाडल्यास पोकळीतील रक्त थेट स्नायूला मिळेल, असा सेन यांचा तर्क होता. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांनी सुईने अशी छिद्रे पाडली व १९६५ साली अमेरिकन नियतकालिकातून हे संशोधन मांडले. चिनी सूचिचिकित्सेची आठवण देणारे नाव त्यांनी या पद्धतीला दिले.

पर्यायी रक्तमार्गाच्या शस्त्रक्रियेपुढे ही पद्धत मागे पडली. तथापि ऐंशीच्या दशकात सुईऐवजी लेसर किरणांनी छिद्रे पाडण्याची पद्धत अमेरिकेत पुढे आली. १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली, तेव्हा या विचाराच्या पूर्वसुरींत सेन यांचा निर्देश होऊ लागला. छिद्रे काही काळाने बुजतात व होणारा लाभ नेमका कशामुळे होतो याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे सेन यांचा मूळ तर्क जसाच्या तसा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. मात्र उपलब्ध साधन साधी सुई असताना प्रश्नाच्या मुळाशी जाण्याची त्यांची वृत्ती यातून दिसते.

हृदय प्रतिरोपण : मूत्रपिंड प्रतिरोपणाचा भारतातील पहिला प्रयत्न १९६५ साली के. ई. एम. मध्येच झाला होता. हृदय प्रतिरोपणाचे प्रयोगही सेन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर चालू होते. या विषयातील आद्य रशियन प्रयोगकर्ते व्लादिमिर देमिखोव्ह यांच्या कार्याशी सेन यांचा परिचय होता. शस्त्रक्रियेचे तंत्र अमेरिकेत नॉर्मन शमवे व रिचर्ड लोअर यांनी १९६० साली बसविले होते. रुग्णाच्या स्वतःच्या अलिंदांचा मागील भाग तसाच ठेवून त्याला दात्याचे हृदय शिवावयाचे, त्यामुळे अनेक नीला वेगवेगळ्या जोडाव्या लागत नाहीत, हे त्यातील मर्म होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी प्रतिरोपण केले. त्यांचा रुग्ण १८ दिवस जगला. पुढील सहा आठवड्यांत बर्नार्ड यांनी आणखी एक, अमेरिकेत एड्रियन कँट्रोविट्झ यांनी दोन व शमवे यांनी एक शस्त्रक्रिया केली. त्यानंतरची शस्त्रक्रिया परळची. त्यामुळे मानवी हृदयाचे प्रतिरोपण करणारे सेन हे जगातील चौथे शल्यचिकित्सक ठरतात.

रुग्ण हृत्स्नायूच्या विकाराने जर्जर झालेला २७ वर्षे वयाचा शेतकरी होता. हृदय अपघातात प्राणघातक इजा झालेल्या एका स्त्रीचे होते. सेन यांच्या पथकात परुळकर, शरद पांडे आदी सहकारी होते. बसविलेले हृदय चालू लागले. परंतु रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरे प्रतिरोपण केले. तो रुग्ण सुमारे १४ तास जगला. दीर्घकाळ हृद्‌विकार असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसवाहिन्यांतील रोध वाढलेला असतो. दात्याच्या निरोगी हृदयाचा उजवा निलय अशा वाढीव दाबाविरुद्ध काम करण्यास सरावलेला नसतो व तो एकाएकी थकतो. हा धोका पुढे सर्वमान्य झाला आणि प्रतिरोपणापूर्वी हा रोध मोजणे आवश्यक ठरले.

हे अपयश मुंबईपुरते नव्हते. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर हृदय प्रतिरोपणे झाली आणि त्यांतील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावले. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेकडून परक्या अवयवाचा होणारा अव्हेर कसा रोखावा, हे पुरेसे कळलेले नव्हते. सत्तरीच्या प्रारंभी बहुतेक केंद्रांनी हे काम थांबविले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सायक्लोस्पोरीन हे औषध उपलब्ध झाल्यावरच प्रतिरोपणाला नवे जीवन मिळाले.

मृत्यूच्या व्याख्येचा प्रश्न : परळच्या शस्त्रक्रियेने तंत्राहून अवघड असा एक प्रश्न भारतीय समाजापुढे ठेवला. ज्याचे हृदय काढावयाचे तो मनुष्य मृत कधी मानावा? हृदय थांबले म्हणजे मृत्यू, ही परंपरेची व कायद्याची समजूत. पण हृदय थांबून बराच वेळ गेल्यास ते प्रतिरोपणास निरुपयोगी होते. मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हाच मृत्यू मानावा, हा विचार हार्व्हर्ड विद्यापीठाच्या समितीने ऑगस्ट १९६८ मध्ये मांडला, म्हणजे सेन यांच्या पहिल्या प्रतिरोपणानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी. भारतात त्या वेळी या बाबतीत कोणताही कायदा नव्हता. शल्यचिकित्सकाला आपल्या विवेकावर विसंबून आणि टीकेची जोखीम पत्करून निर्णय घ्यावा लागे. जपानमध्ये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुरो वादा यांनी केलेल्या हृदय प्रतिरोपणानंतर त्यांच्यावर मनुष्यवधाचा आरोप होऊन चौकशी झाली. तो आरोप सिद्ध झाला नाही, तरी त्या देशात हृदय प्रतिरोपण सुमारे तीस वर्षे बंद राहिले. यावरून या निर्णयाचे ओझे ध्यानात येते.

भारतात मानवी अवयव प्रतिरोपण कायदा १९९४ साली झाला व त्यात मस्तिष्कस्तंभ-मृत्यूला मान्यता मिळाली. राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, ३ ऑगस्ट १९९४ रोजी, पी. वेणुगोपाल यांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत देशातील पहिले यशस्वी हृदय प्रतिरोपण केले. मुंबईत मात्र पुढील हृदय प्रतिरोपण होण्यास १९६८ नंतर ४७ वर्षे लागली. ते ३ ऑगस्ट २०१५ रोजी एका खाजगी रुग्णालयात, पुण्याहून आणलेल्या हृदयाने झाले.

जिल्ह्यांपर्यंतचा प्रवास : सेन यांचा पहिला प्रतिरोपण-रुग्ण शेतकरी होता, ही गोष्ट के. ई. एम. च्या स्वरूपाशी सुसंगत होती. सार्वजनिक रुग्णालयातील प्रगत शस्त्रक्रिया कोणालाही खुली होती. अडसर होता अंतराचा. या अडसराचे उदाहरण म्हणून मराठवाड्याकडे पाहता येते. १९५६ साली हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलेल्या या विभागात त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९६८ मध्येही मराठवाड्यात तेवढे एकच महाविद्यालय होते. नांदेडच्या रुग्णाला मुंबई गाठावयाची, तर मीटरमापी लोहमार्गाने मनमाडपर्यंत येऊन तेथे गाडी बदलावी लागे. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते; तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी गाडीने कुर्डुवाडीला येऊन पुढचा प्रवास करावयाचा. दहा पावलांत धाप लागणाऱ्या रुग्णाला हा प्रवास म्हणजेच एक परीक्षा होती. छातीवर नळी लावून झडपेचा आवाज ओळखणारा व रुग्णाला वेळीच पुढे पाठविणारा डॉक्टर गावाजवळ असणे, हे मुंबईतील शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे होते.

हे अंतर टप्प्याटप्प्याने कमी झाले. अंबाजोगाई येथे सत्तरीच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये, सेन यांच्या निधनानंतर काही आठवड्यांत, लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नांदेड येथे १९८८ साली व लातूर येथे २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. हृदयावरील शस्त्रक्रियांचा खर्च गरिबांसाठी शासनाने उचलावा या हेतूने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली. २०१२ साली तिची जागा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. प्रारंभीच्या ज्या आठ जिल्ह्यांत ती लागू झाली, त्यांत मराठवाड्यातील एकटा नांदेड जिल्हा होता. पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली व २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मस्तिष्कस्तंभ-मृत्यूनंतरच्या अवयवदानासाठी राज्यात चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मराठवाड्याचे केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे. १९६८ साली कायद्याच्या दृष्टीने अनिश्चित असलेली गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातही विहित पद्धतीने होऊ शकते, एवढे हे परिवर्तन आहे. संधिज्वरावरील खरा उपाय मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेरच राहिला आहे. घशाच्या संसर्गावर वेळीच पेनिसिलीन दिल्यास रोग टळतो आणि ज्याला तो एकदा होऊन गेला आहे त्याला ठराविक आठवड्यांनी अनेक वर्षे दीर्घप्रभावी पेनिसिलीनची टोचणी दिल्यास झडप वाचू शकते.

योग्यता : सेन यांना १९६९ साली ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. चित्रकला व काव्य यांची त्यांना आवड होती. त्यांच्या विभागात तयार झालेल्या शल्यचिकित्सकांनी हृद्‌शल्यचिकित्सा पुढे नेली. परुळकर हे पुढे विभागप्रमुख व महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. सेन यांच्या चरित्रात यशापयशाचा हिशेब सरळ लागत नाही. दोन्ही प्रतिरोपणांतील रुग्ण एका दिवसाच्या आत दगावले. सुईने छिद्रे पाडण्याची पद्धत त्यांच्या हातून रूढ झाली नाही. उलट ज्या कामाची वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही, ते संधिज्वरग्रस्त झडपांवरील नित्याचे काम व रोहिण्यांच्या रोगाचा अभ्यास, यांमुळे अनेकांचे आयुष्य वाढले व वैद्यकात भर पडली. आपल्या देशातील रुग्णांना होणारा रोग हाच आपल्या संशोधनाचा विषय असावा आणि ते संशोधन सार्वजनिक रुग्णालयातही होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

सेन यांचे वेल्लोर येथे हृद्‌विकाराने निधन झाले.